दोन वाजताचा मिस्ड कॉल

तिला सगळे मुकादम म्हणायचे. तेरा वर्षांची, अंगाने काडी, दोन वेण्या, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्या काकूंचा हात जागच्या जागी थांबायचा. हे नाव तिच्या बापाने ठेवलेलं. तो घराघरांत फरशी बसवायचा. चार वर्षांची असताना ती एकदा त्याच्याबरोबर कामावर गेली आणि नुकत्याच बसवलेल्या एका फरशीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही वाकडी आहे." बापाने दोरी धरून पाहिली. खरंच वाकडी! "आल्या बघा आमच्या मुकादम," असं म्हणत त्याने हसत हसत ती उचकटली आणि पुन्हा बसवली. तेव्हापासून ती मुकादम.

आता बाप नव्हता. दोन वर्षं झाली होती त्याला जाऊन. राहिली होती आई, दोन खोल्या आणि भिंतीला लावलेलं शिलाई मशीन. आई एका कारखान्यासाठी शर्टांच्या कॉलर शिवायची. आणि तिला झटके यायचे. उभ्या उभ्या डोळे फिरायचे, हातपाय ताठ व्हायचे आणि ती कोसळायची. कधी आठवड्यात एकदा, कधी दिवसात दोनदा.

अशा वेळी काय करायचं ते मुकादमला पाठ होतं. आईला कुशीवर वळवायचं, गळ्याचं बटण सोडायचं, डोक्याखाली घडी करून ओढणी द्यायची. शेजारपाजारचे शहाणे काहीही सांगोत, तोंडात चमचा घालायचा नाही. आणि घड्याळाकडे बघत बसायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर तडक दवाखाना, असं डॉक्टरांनी आईला बजावलेलं तिने बाकावर बसून ऐकलं होतं. आजवरचा सगळ्यात लांब झटका चार मिनिटांचा होता. त्या चार मिनिटांत काय होतं ते कुणाला सांगून कळायचं नाही. एक हात आईच्या पाठीवर आणि डोळे सेकंदकाट्यावर.

बाकी घरातलं सगळं तीच बघायची. सकाळी पाणी भरणं, भात लावणं, आईची वेणी घालणं. बटणांच्या डब्याला कप्पे होते. त्यातली बटणं काढून तिने गोळ्या भरल्या होत्या आणि कप्प्यांवर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, सकाळ, दुपार, रात्र. आईने जिना उतरायचा नाही, हा तर हुकूमच होता. आठ महिने आई खाली आली नव्हती. "तुरुंगात टाकलंस की गं मला," आई म्हणायची. "मग जेलर म्हण, मुकादम म्हणू नकोस," ती फटकन उत्तर द्यायची. दोघी हसायच्या, आणि हसता हसता मुकादमचे डोळे आईच्या हातांकडे जायचे, बोटं ताठ तर होत नाहीत ना म्हणून.

शाळा अकरा ते पाच. म्हणजे सहा तास आई घरात एकटी. यावर तिने तोड काढली होती. बापाचा जुना बटणांचा फोन ती मोज्यात खुपसून न्यायची, आवाज बंद, नुसती थरथर चालू. बारा, दोन आणि चार वाजता आईने मिस्ड कॉल द्यायचा. घोट्याशी दोनदा थरथरलं की समजायचं, आई आहे. गणित चालू असो, कवायत असो, परीक्षा असो, पोरीचा जीव सगळा त्या घोट्यात असायचा. थरथरलं की ती एकदा दीर्घ श्वास घ्यायची आणि पुढचे दोन तास ढकलायची.

नियमही तिचेच. फोन उचलायचा नाही. "मी उचललाच, तर समज की माझंच इथे काहीतरी बिनसलंय."

"बरं बाई. आणि माझा आलाच नाही तर?"

"तर मी पळत येते."

दोनदा ती तशी पळत आलीही होती. दोन्ही वेळा आई मशीनवर डोकं टेकून झोपलेली. शाळेच्या वहीत मात्र तिच्या नावापुढे शेरा पडला होता, न सांगता पळून जाते.

तुम्ही म्हणाल, पोरी, सांगायचं ना कुणाला तरी! एवढी मोठी शाळा, एवढी माणसं. सांगायचं, पण कुणाला? मोठ्या माणसांचा अनुभव तिने घेतला होता, आणि दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

दोन वर्षांपूर्वी बापाला ताप भरला, कावीळ निघाली. रस्त्याच्या टोकाला मोठं हॉस्पिटल आहे, तिथे त्याला नेलं. मामा आला. म्हणाला, "बाबा दोन दिवसांत येतील. तू चल माझ्याकडे." दोनाचे चार झाले, चाराचे नऊ. ती रोज विचारायची आणि रोज तेच उत्तर, "आहेत ना, बरे आहेत." नवव्या दिवशी मामाने तिला घरी आणून सोडलं, तर खोलीत एक अनोळखी माणूस उकिडवा बसून बापाची हत्यारं निवडत होता. तिने त्याच्या हातातली थापी हिसकावली. "ही बाबांना लागते!"

त्या माणसाने वर बघितलं. "अगं बाळ," तो म्हणाला, "तुला सांगितलं नाही का कुणी?"

असं कळलं तिला. बापाला जाऊन सात दिवस झाले होते. माणसं येऊन गेली होती, सगळ्यांचं रडून झालं होतं, तिचंच राहिलं होतं. लहान आहे, मनाला लागेल, म्हणून लपवलं म्हणे! अहो, लागायचं ते लागलंच, वर फसवल्याचं लागलं ते वेगळं. एवढी साधी गोष्ट घरभर वावरणाऱ्या त्या मोठ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये?

आणि सहा महिन्यांपूर्वी मामा पुन्हा आला होता. आईची दशा बघून हळूच म्हणाला, "तुझं असंच चाललं तर पोरीला होस्टेलमध्ये टाकू. तुला बघू कुठेतरी." दाराआड मुकादम उभी होती. टाकू, म्हणाला. तेव्हापासून तिने ठरवलं, ताकास तूर लागू द्यायची नाही. शाळेला कळलं की मामाला कळणार. मामाला कळलं की आई एकीकडे, ती दुसरीकडे. आणि हॉस्पिटलात गेलेली आई परत आलीच नाही, तर तिला ते नवव्या दिवशी कळणार.

आईचंही तेच. डॉक्टरांनी तिला दाखल होऊन तपासण्या करायला लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी तिने मशीनच्या खणात कापडाच्या तुकड्यांखाली सारली होती. मुलीला एकटी ठेवून कशी जाऊ? मुकादमने ती चिठ्ठी वाचलेली होती आणि पुन्हा तशीच ठेवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि दोघी मिळून त्या आजाराला जपत होत्या.

शाळेच्या लायब्ररीच्या दारावर एक कागद लावलेला असायचा. 'घरी आजारी माणसाची काळजी घेतोस? घरातलं कुणी गेलंय? गुरुवारी मधल्या सुट्टीत आत ये. बोलला नाहीस तरी चालेल.' लायब्ररीच्या बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. पाच-सहा मुलं जायची म्हणे. मुकादम त्या दारासमोरून जाताना मान खाली घालून भरभर चालायची. तिला तो सापळा वाटायचा.

तो मंगळवार होता. दीड वाजता पीटीचा तास. शंभर मीटर धावायचं होतं, आणि धावता धावता तिचा मोजा खाली सरकला. फोन उडून मैदानावर पडला, तो थेट पीटीच्या सरांच्या बुटापाशी.

"वा!" सर म्हणाले. "मॅडम फोन घेऊन धावतात. कुणाचे फोन येतात हो?"

पोरं खिदळली. ती म्हणाली, "सर, फक्त अडीचपर्यंत द्या. मग तुम्हीच ठेवा."

"अडीचला काय मुहूर्त आहे?"

तिने फोनसाठी हात पुढे केला.

"पालकांना घेऊन ये, मग मिळेल," सर म्हणाले, आणि फोन शिपायाबरोबर लायब्ररीत गेला. जप्त केलेल्या वस्तूंचं कपाट तिथे होतं. सर काही वाईट माणूस नव्हते हो. पण नियम दाखवायचा आणि वर टोमणा मारायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी तेवढंच केलं.

पुढचा तास गणिताचा. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. घोट्याशी नुसता मोजा. दोन वाजून पाच. आईने दिला असेल, कपाटात थरथरला असेल. दिला नसेल तर? दोन वाजून दहा. गणिताच्या बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या आणि मुकादमला फळ्यावर फक्त आई दिसत होती, मशीनच्या पायापाशी पडलेली, डोकं लोखंडी पायडलवर. किती मिनिटं झाली? तिथे घड्याळ बघायला कोण आहे? दोन वाजून पंधरा.

"बाई, बाथरूमला जाऊ?"

बाथरूम डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली. सायकलींच्या छपरामागे कुंपणाची एक जाळी सैल होती. तिथून बाहेर पडून मागच्या बोळाने पळालं तर घर सात मिनिटांवर. तिने मोजलेलं होतं. त्या दिवशी तिला पाचच लागली.

खाली काकूंचं टेबल रिकामं होतं. त्या कपडे पोचवायला कुठेतरी गेलेल्या. ती एका दमात तीन मजले चढली.

दार सताड उघडं.

"आई?"

मशीनवर अर्धी शिवलेली कॉलर, सुई तशीच कापडात रुतलेली. पंखा चालू. दुपारच्या कप्प्यात गोळ्या तशाच. आईच्या चपला दारामागे, जागच्या जागी. तिने मोरी बघितली. पलंगाखाली बघितलं. गच्चीत जाऊन आली. परत येऊन पुन्हा मोरी बघितली, जणू एवढी मोठी बाई पहिल्यांदा नजरेतून सुटली असावी. आईचा फोनही नव्हता.

चपला इथे आहेत म्हणजे आई चालत गेलेली नाही. चालत गेली नाही म्हणजे उचलून नेली. झटका आला असणार, लांब आला असणार, कुणीतरी ऐकलं असणार, गाडी बोलावली असणार. आता कुणीतरी शाळेकडे निघालं असेल आणि गोड आवाजात म्हणेल, चल बाळ, दोन दिवस माझ्याकडे. आजूबाजूची दारं बंद होती, सगळी माणसं कामावर. उघड्या दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली आणि तिला एकच ठिकाण सुचलं.

रस्त्याच्या टोकाचं ते हॉस्पिटल तिने दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तिकडून जायची वेळ आली की ती लांबून वळसा घालायची. आज ती त्या फाटकातून आत गेली. आत तोच वास, तेच पांढरे दिवे. तातडीच्या विभागाच्या खिडकीत एक माणूस बसला होता.

"माझी आई आली आहे का इथे? तिला झटके येतात. निळी साडी आहे."

"मोठं कुणी आहे का बरोबर?"

"मीच आहे मोठी."

माणसाने तिच्याकडे नीट बघितलं. शाळेचा गणवेश, घोट्यावर घसरलेला मोजा, गालावरून घामाचे ओघळ. त्याने रजिस्टर उघडलं. "नाही बाळ. दुपारपासून अशी कुणी बाई आलेली नाही."

"खरं सांगताय?"

"खोटं कशाला सांगू?"

"सांगतात," ती म्हणाली.

त्या भल्या माणसाने वाद घातला नाही. रजिस्टर फिरवून तिच्यापुढे सरकवलं. वरपासून खालपर्यंत बोट फिरवत तिने एकेक ओळ वाचली. आईचं नाव नव्हतं. मग आई कुठे होती? घरात नाही, इथे नाही. आता तिला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण आता विचारायला जागाच उरली नव्हती.

"फोन करायचाय का कुणाला?" माणसाने विचारलं.

तिने आईचा नंबर लावला. बंद. दुसरा कुठला नंबर तिला पाठ होता? मामाचा पाठ होता, पण तो लावायला बोट उठेना. शेवटी तिने स्वतःचाच लावला, कपाटातला. का लावला ते तिलाही कळलं नाही. पहिल्याच घंटीला कुणीतरी उचलला.

"मुकादम? मी लायब्ररीतून बोलतेय. तुझी आई इथे आहे."

"आहे?"

"आहे. नीट ऐक, खरं ते सांगते. ती शाळेकडे यायला निघाली होती. कोपऱ्यावर तिला झटका आला आणि ती पडली. कपाळ फुटलंय. तीन मिनिटं शुद्ध नव्हती. आता बोलतेय, आणि सारखी तुलाच विचारतेय. तू कुठे आहेस?"

मुकादम खिडकीखाली मटकन बसली, आणि त्या माणसाला पाणी घेऊन बाहेर यावं लागलं.

झालं होतं असं. बरोबर दोन वाजता लायब्ररीतल्या कपाटात काहीतरी थरथरलं. शेजारीच बसलेल्या लायब्ररीच्या बाईंनी कपाट उघडलं, पडद्यावर 'आई' असं दिसलं. आई म्हणजे पालकच, बरं झालं, असं म्हणत बाईंनी फोन उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" झालं! दुसऱ्या बाजूला एकच नियम ठाऊक होता. फोन उचलला म्हणजे पोरीचं काहीतरी बिनसलं, आणि इथे तर भलतीच बाई बोलतेय. आई काही बोललीच नाही. कॉलर तशीच मशीनवर टाकून, चपला न घालता ती निघाली. आठ महिन्यांत जिना न उतरलेली बाई पायरी पायरी बसत तीन मजले उतरली आणि अनवाणी मोठ्या रस्त्याने चालत आली. पोरगी बोळातून घराकडे, आई रस्त्याने शाळेकडे. कोपऱ्यावर पडली तेव्हा हातातला फोनही फुटला. शाळेच्या फाटकावरच्या माणसाने हाक दिली आणि चौघांनी मिळून तिला आत आणलं.

मुकादम पोचली तेव्हा आई लायब्ररीच्या लांब बाकावर आडवी होती. कपाळाला पट्टी, तळपायांना धूळ. पोरीने ते पाय बघितले आणि तिचा आवाज एकदम चढला.

"चपला कोण घालणार? जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना! गोळ्या घेतल्या नाहीस! मेली असतीस म्हणजे?"

"कुणीतरी हॅलो म्हणालं गं," आई म्हणाली. "मला वाटलं, तूच..." मग दोघी इतक्या रडल्या की पुस्तकं बदलायला आलेली मुलं दारातूनच मागे फिरली.

"चूक माझी आहे," लायब्ररीच्या बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला तुटक. "तो फोन उचलायला नको होता मी."

"कुणी सांगितलं होतं उचलायला?" मुकादम त्यांच्यावर उसळली. पीटीचे सर दाराशी उभे होते, शिट्टी मुठीत धरून. ते पंख्याचं बटण उगीच चालू-बंद करत राहिले.

बाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. "आईला आजच दाखल करायला हवं. डॉक्टरांनी पूर्वीच लिहून दिलंय, असं ती म्हणते."

"नाही."

"का नाही?"

मग ते सगळं बाहेर आलं. मामा, दोन दिवस, नऊ दिवस, थापी, होस्टेलमध्ये टाकू. तोंडातून कधी ब्र न काढणारी पोरगी धाप लागेपर्यंत बोलत होती. आईने यातलं अर्धं पहिल्यांदाच ऐकलं. थापीचं तर तिला माहीतच नव्हतं. ती दुसऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा.

बाईंनी मध्ये एकदाही तिला तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मामांना कळवावं लागेल. पण कळवताना तू समोर बसशील, आणि मी काय बोलते ते ऐकशील. आईच्या मनाविरुद्ध तुला कुठे पाठवायचा विषय निघाला, तर मी मध्ये उभी राहीन. आई हॉस्पिटलात असेपर्यंत तू इस्त्रीवाल्या काकूंकडे राहा, आईचं म्हणणं तसं आहे. ती घरी आली की दुपारी सोबतीला येऊन बसणाऱ्या बायका एका संस्थेकडून मिळतात, तिथे मी बोलते. तुझा फोन उद्यापासून बाकावर राहील, मोज्यात नाही. काय हो सर?"

"हो हो," पीटीचे सर घाईघाईने म्हणाले. "बाकावरच."

मुकादमने हे सगळं ऐकलं. तिला एकच हवं होतं. "ती मरणार नाही असं सांगा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला. "ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"अहो बाई!" पीटीचे सर कळवळले. "लेकरू आहे ते."

पण ते लेकरू बाईंकडे टक लावून बघत होतं. दोन वर्षांत कुणी तिला असं उत्तर दिलं नव्हतं. तिला रडू आलं, भीतीही वाटली, पण तिने मान फिरवली नाही.

"मग काही झालं तर आधी मला सांगायचं," ती म्हणाली. "मामाच्या आधी. काकूंच्याही आधी. आणि खरं सांगायचं."

"सांगेन."

आईने बाकावरूनच होकाराची मान हलवली. संध्याकाळी तिला त्याच रस्त्याच्या टोकाच्या हॉस्पिटलात दाखल केलं.

मामाला फोन झाला तेव्हा मुकादम समोर बसली होती. मामा आधी चिडला, मग त्याचा आवाज घोगरा झाला. "मला वाटलं, लहान आहे," तो एवढंच म्हणाला. पोरीने त्याला माफ केलं नाही. इतकं सोपं असतं होय ते?

रोज दुपारी दोन वाजता लायब्ररीच्या बाई वॉर्डमधल्या नर्सला फोन करायच्या आणि मग मुकादमला वर्गातून बोलवायच्या. बुधवारी त्या म्हणाल्या, "आज ठीक आहे. भात खाल्ला." मुकादमने मान डोलावली आणि तिचा रतीभरही विश्वास बसला नाही. ठीक आहे! बाबाही ठीक होते की सात दिवस. काकूंकडे ती अंथरुणावर उघड्या डोळ्यांनी पडून राहिली. काकू म्हणाल्या, "अगं, डोळे मीट. तुझ्या जागं राहण्याने का ती बरी होणारेय?" पोरीला वाटत होतं की तसंच काहीतरी आहे.

गुरुवारी, "तपासणीचा निकाल यायचाय." ती मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसली. तिथे आणखी पाच मुलं होती. आजोबांना अंघोळ घालणारा एक नववीतला, आई गेलेल्या दोघी बहिणी, बाकीचे नुसते बसलेले. कुणी तिला काही विचारलं नाही. ती पुस्तक उघडून एकच पान बघत राहिली आणि घड्याळाच्या टिकटिकीकडे कान देऊन होती. त्या रात्रीही डोळ्याला डोळा नाही. शुक्रवारी ती वर्गात उभी राहिली तर भिंती हलल्यासारख्या वाटल्या तिला.

शुक्रवारी दोन वाजता बाईंनी तिला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. 

"बस," बाई म्हणाल्या. "आज बरं नाहीये. सकाळपासून दोन झटके आले. एक चार मिनिटांचा, दुसरा सहा."

"सहा?"

"सहा. इंजेक्शन देऊन थांबवला. आता ती गुंगीत आहे, बोलत नाही. औषध बदललंय. ते लागू पडेल असं डॉक्टरांना वाटतं, पण खात्री नाही म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं. मामांना अजून कळवलेलं नाही, आधी तुला सांगतेय."

"तुम्हाला भीती वाटतेय का?"

"वाटतेय," बाई म्हणाल्या.

पुढे अकराव्या दिवशी आई घरी आली. ते औषध लागू पडलं, दुपारी सोबतीला एक बाई येऊ लागली, आणि मामा आता दर रविवारी येऊन मशीनला तेल घालून जातो. पण हे त्या शुक्रवारी कुणाला ठाऊक होतं? त्या शुक्रवारी आई गुंगीत होती आणि सहा मिनिटं म्हणजे काय, हे त्या खोलीत मुकादमइतकं कुणालाच कळत नव्हतं.

ती रडली. मग नाक पुसून तिने एकेक प्रश्न विचारला. कुशीवर वळवलं होतं का? तोंडात काही घातलं नाही ना? नर्स पूर्ण वेळ जवळ होती का? नव्या औषधाचं नाव काय? बाईंना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं तिथे "माहीत नाही, विचारते" म्हणाल्या. प्रश्न संपले. मुकादमने एक लांब श्वास सोडला, बाकावर पाय वर घेतले आणि दप्तरावर डोकं टेकलं.

"संध्याकाळी परत फोन करा," ती म्हणाली.

"करते. मरणाची वाईट बातमी असली तरी उठवीन तुला."

"नक्की?"

"नक्की."

पुढचा तास आठवीच्या पोरांचा. पन्नास पोरं कल्लोळ करत आत घुसली. बाईंनी त्यांना बोटाने गप्प केलं. भर दुपारी, एवढ्या पोरांच्या पायांच्या आवाजात, तीन रात्री टक्क जागी असलेली मुकादम तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.